बक्सरचा होड्यांचा पूल

— नाही नाही, मधल्या फळीवर बसा, बाबूसाहेब, कडेला नको, ही होडी जरा डाव्या अंगाला कलते. हां, असं. तर काय सांगत होतो मी — तुमचे वडील. पाहिले होते की. पाहिले म्हणजे, याच डोळ्यांनी. उंचेपुरे, मिशा अशा भरघोस, पांढरा घोडा — गोऱ्यांपुढं नवाब-वजिराची सगळी फौज माघारी फिरली, पण ते काही हटायला तयार नाहीत. तिकडे, बोरींच्या पलीकडे माळ दिसतो ना, तिथं पडले. वार छातीवर घेतला, पाठीवर नाही. तेव्हा तुम्ही निर्धास्त गयेला जा, पिंड द्या, मनात किंतु ठेवू नका. रणात पडलेल्याला वर काय कमी आहे? काही कमी नाही. आणि परत गेलात की आईला सांगा, बक्सरच्या घाटावर सोमारू मल्लाह भेटला होता, त्यानं स्वतः पाहिलं — म्हातारीला बरं वाटेल. आहे ना आई? नाही. बरं. बरं.

काय म्हणालात?

घोडा नव्हता. पायदळात होते, तोड्याची बंदूक — हां, मग ते दुसरे कुणी असतील. पंचवीस वर्षं झाली, बाबूसाहेब, डोक्यात एकाचा चेहरा दुसऱ्याला लागतो. पायदळवालेही लढले, चांगले लढले, माळावरच — नाही? माळावर नाही म्हणता? मग कुठं? तुम्ही तर तीन वर्षांचे होता म्हणालात, तुम्हाला कुणी सांगितलं? गावचा सोबती. तो परत आला. वडील त्याच्या पुढं नव्हते, मागं होते, दहा-वीस माणसं मागं, आणि ह्यानं काठावर पाय ठेवून वळून पाहिलं तर — पुलावर.

पुलावर होते.

थांबा, वल्हं ठेवतो जरा. नाही, काही नाही झालं. इथं प्रवाह नाही, होडी कुठं जाणार नाही. इथंच होता तो पूल, आपण आहोत तिथं, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. आता बघा कसा दिसतो नाला — म्हैस पोहून जाईल. तेव्हा असा नव्हता. गंगा उतरली नव्हती, तिचं पाणी आत शिरलेलं, दोन पुरुष खोल, आणि खाली गाळ. पाणी काहीच नाही हो, पाण्यात माणूस हातपाय मारतो. गाळ सोडत नाही.

एक सांगू? रागावू नका. पितृपक्षाच्या आधी दर वर्षी लोक येतात — तुमच्यासारखेच, बैसवाड्याचे, फैजाबादचे, एकदा तर काबूलकडचा एक म्हातारा आला होता, त्याची बोली मला कळेना, माझी त्याला. सगळे एकच विचारतात, आमचा माणूस पाहिला का. आणि मी प्रत्येकाला एक पांढरा घोडा देतो. काय करू मग? इतक्या लांबून चालत आलेल्या माणसाला काय सांगू, चिखलात नाकातोंडात — असं सांगू? घोडा दिला की रडतात, मग सत्तू कालवून खातात, मग जातात. आजवर कुणी घोडा परत केला नव्हता. तुम्ही पहिले.

पूल कुणी तोडला म्हणता? हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. वजिराच्या हुकमानं तुटला. हत्ती, खजिन्याचे गाडे, जनाना, बडे लोक पार झाले आणि हुकूम झाला, तोडा. म्हणजे गोऱ्यांना मागं येता येऊ नये. शहाणपणाचं होतं म्हणतात. दोन वर्षांमागं कंपनीचा एक साहेब आला होता कागद-पेन्सिल घेऊन, तोही मुन्शीच्या तोंडून हेच म्हणाला — ह्या पुलानं वजीर वाचला. वाचला खरा. वाचून काय केलं? पुढच्या वर्षी त्यांच्याच तंबूत जाऊन बसला, त्यांनी पुढं केलेल्या कागदावर मोहोर उठवली, आणि त्याच्या धन्यानं, बादशहानं, बंगाल-बिहारची सगळी वसुली त्यांच्या हवाली केली. मग कशाला तोडला पूल? आं? मी विचारतो कधीकधी, इथं एकटा असलो की.

हातानं कुणी तोडला, असं विचारताय तुम्ही.

मी होतो तिथं. आता लपवून काय — गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मानेवर तलवार होती, बाबूसाहेब. पुलाचा दरोगा होता एक, कल्बे हुसेन, लखनौकडचा. त्यानं तलवार मानेवर ठेवली, म्हणाला काप, आणि मी कापला. तुम्ही काय केलं असतं? कुणीही कापला असता. मी आईला हेच सांगितलं, बायकोला हेच सांगितलं, ब्राह्मणाला विचारलं तर तो म्हणाला, तलवार मानेवर असली की दोष लागत नाही, तलवारवाल्याला लागतो. एक गाय दे म्हणाला, तरी देऊन टाक. दिली. झालं. संपलं.

असे बघू नका.

वाईट नव्हता तो दरोगा. पान खायचा, आम्हालाही द्यायचा. पावसाळ्यात वजिराची फौज इथं येऊन पडली, तेव्हा मल्लाहटोलीतल्या, आमच्या नावाड्यांच्या वस्तीतल्या, एकवीस होड्या धरल्या त्यांनी. विचारायचा प्रश्नच नव्हता, शिपाई आले, खुंट सोडले. होड्या एकीला एक लावून उभ्या केल्या, वर फळ्या ठोकल्या, आणि दोन तागाचे दोर सगळ्यांतून ओवून घेतले, मनगटाएवढे जाड, एक वरच्या अंगानं, एक खालच्या. ज्याची होडी त्यानं तिच्यातच राहायचं, पाणी उपसायचं, दोर बघायचे. माझी होडी ह्या काठाला पहिली. माझ्या थोरल्या भावाची, मंगरूची, त्या माळाकडच्या काठाला शेवटची. मधे एकोणीस होड्या. सोमवारी जन्मलो म्हणून मी सोमारू, मंगळवारी म्हणून तो मंगरू — आमच्या आईला नावं शोधायला सवड नव्हती. संध्याकाळी मंगरू त्या टोकावरून शीळ घालायचा, मी ह्या टोकावरून घालायचो, म्हणजे जेवला का, जेवलो.

माझी होडी बापानं बांधलेली. सालाच्या लाकडाची, तीन हिवाळे लागले त्याला. लाकूड कुठून कुठून आणलं, कसं आणलं, ते सोडा. शेवटचा खिळा ठोकला आणि पुढच्या चैत्रात बाप गेला, तिच्यात एकदाही दूरवर गेला नाही. मंगरूनं म्हटलं, तू घे, मी जुनी वापरतो. थोरला असून. असा होता तो. त्या होडीवर माझी बायको, तिच्या पोटात पहिलं पोर, माझी आई, आत्या — सगळे जगायचे. तुम्हा लोकांची जमीन असते, आमचं तेवढंच असतं.

लढाईच्या दिवशी सकाळी तोफा सुरू झाल्या. आम्हाला दिसत काही नव्हतं, नुसता धूर. मंगरूनं त्या काठावरून हात करून विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, आपल्याला काय, कुणी जिंको, होड्या मोकळ्या होऊ देत. गोऱ्यांच्या बाजूलाही निम्मे आपल्या भोजपूरचेच होते हो, माझ्या मेहुण्याच्या गावचे दोघं तिकडून लढत होते लाल डगला घालून. दुपार व्हायच्या आतच पहिले घोडे आले, रिकामे. मग बडे लोक. मग हत्ती. हत्तींसाठी बांधला नव्हता तो पूल, दरोगा ओरडत होता, एकेक, एकेक, पण कोण ऐकतो. दुसरा हत्ती माझ्या होडीवरून काठाला चढला तेव्हा आतून आवाज आला — लाकूड तडकतं तो आवाज मल्लाहाला झोपेतही कळतो. वाकून पाहिलं, तर तळाची फळी फाकलेली आणि पाणी आत येतंय.

मी उपसायला लागलो. वरून गाडे चाललेत, बैल चाललेत, माणसं, बायका, कुणी गादी घेऊन, कुणी पिंजरा घेऊन — पिंजऱ्यात बुलबुल, सांगतो ना तुम्हाला, राज्य बुडतंय आणि एकजण बुलबुल घेऊन चाललाय. आणि मी खाली फळ्यांच्या आड वाकून उपसतोय. दरोग्यानं आधीच कुऱ्हाड देऊन ठेवली होती. म्हणाला होता, मी त्या टेकाडावर उभा असेन, हातातला लाल रुमाल वर केला की तू वरचा दोर काप, खालचा आपोआप तुटेल, आणि माझा रुमाल वर होईपर्यंत हात लावायचा नाही, लावलास तर मान उडवीन. असं म्हणाला होता. तलवार मानेवर — ती ह्यासाठी होती. न कापण्यासाठी.

आता निघालंच तोंडातून, तर ऐका.

पाणी घोट्यापर्यंत होतं, मग पोटऱ्यांपर्यंत झालं, मग गुडघ्याला लागलं. होडी भरली की ती नुसती बुडत नाही, शेजारची तिला ओढते, तिच्यावरचं ओझं तिला दाबते, सांधे निखळतात, मग ती होडी राहत नाही, सरपण होतं. मला एवढंच दिसत होतं. मी टेकाडाकडे पाहिलं, रुमाल दिसतो का. रुमाल नव्हता. दरोगा नव्हता. टेकाडावर कुणीच नव्हतं, बाबूसाहेब — तो केव्हाच घोड्यावर बसून निघून गेला होता. हुकूम देणारा सगळ्या काठावर कुणी उरला नव्हता. पुलावर माणसं होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांद्याला खांदा, आणि त्यांच्या मागं माळावर आणखी. आणि माझ्या हातात कुऱ्हाड होती, आणि माझ्या बापाची होडी भरत चालली होती.

माझी होडी आणि दुसरी होडी, त्यांच्या मधे कापायचा. म्हणजे माझी काठाला बांधलेली राहते, ओझं जातं, बाकीच्या वीस वाहून जातात. हे सगळं मला नीट सुचलं. डोकं गेलं होतं, काही कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. सगळं कळत होतं.

तागाचा दोर भिजला की एका घावात तुटत नाही. नऊ घाव लागले. पहिल्या घावाला कुणाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्याला, तिसऱ्याला दुसऱ्या होडीवरच्या फळीवर उभ्या असलेल्या एकाचं लक्ष गेलं. पुढं गाडा अडकला होता म्हणून थांबलेला. बंदूक होती त्याच्याकडे, म्हणजे तोड्याची, खांद्याला. उचलली नाही त्यानं. ओरडला नाही. घाटावर कसं, उतारू उतरायच्या आत नावाडी होडी ढकलायला लागला की उतारू म्हणतो, तसंच म्हणाला —

"भाई, जरा थांब. उतरतो."

एवढंच. मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबला असता, म्हणून पाहिलं नाही. आणखी सहा घाव घातले.

दोर तुटला आणि पूल दारासारखा उघडला, खालच्या अंगाला. आवाज काय झाला ते सांगत नाही. मागचे पुढच्यांना ढकलत होते, त्यांना कुठं ठाऊक पुढं पूल नाही. ते येतच राहिले. मग तिकडून गोऱ्यांच्या पलटणी आल्या, काठावरून गोळ्या घातल्या थोडा वेळ, मग त्यांनीही थांबवल्या, लागत नव्हत्या म्हणून नव्हे, गरज नव्हती म्हणून. दिवस कलेपर्यंत अशी दशा झाली की शेवटचे जे आले ते पाय न भिजता आले. कशावरून चालत आले ते तुम्ही समजा.

कसे होते? कोण — तो? चेहरा नाही पाहिला म्हटलं ना. पाय दिसत होते, अनवाणी, एका पायाला फडकं बांधलेलं. बोली? बोली तुमच्याकडची होती. बैसवाड्याची. पण बैसवाड्याचे हजारभर होते फौजेत, बाबूसाहेब. आवाज? आवाज माझ्या कानात आहे, जसाच्या तसा आहे, पण तो तुम्हाला कसा ऐकवू, आणि ऐकवला तरी तुम्ही ओळखणार कसा? तीन वर्षांचे होता तुम्ही. तुमची आई असती तर तिला मी म्हणून दाखवला असता. ती म्हणाली असती, हा, नाहीतर नव्हे. आता ते सांगणारं कुणी नाही.

पुसा डोळे. नाही, पुसू नका, तुमची मर्जी.

माझी होडी? वाचली. तडकलेली फळी मी दोन दिवसांत बसवली. चौथ्या दिवशी कंपनीचे लोक आले आणि जखमी न्यायला म्हणून घेऊन गेले, चुनारकडे. मी म्हटलं परत कधी, तर शिपाई हसला. ती काही परत आली नाही. ही ज्यात तुम्ही बसलाय ती तिसरी, आणि हिलाही घाटावरचा चौकीदार साहेबाच्या शिकारीसाठी वर्षातून दोनदा धरून नेतो. पूर्वी वजिराचा माणूस न्यायचा. एवढाच फरक पडला बघा त्या लढाईनं आमच्या टोलीत.

मंगरू होता की. जिवंत होता. त्याची होडी प्रवाहात फिरली, उलटी झाली, पण तो मल्लाह, तो कसला बुडतो. दोन दिवस त्या काठावर माणसं ओढून काढत होता गाळातून, एकटा. सहा काढली. तिसऱ्या दिवशी घरी आला, डोक्यापासून पायापर्यंत नुसता चिखल, आईनं ताटात लिट्टी वाढली, तो खात होता, आणि मी आईला सांगत होतो, दरोग्यानं तलवार मानेवर ठेवली. मंगरू खात होता. त्या काठावरून टेकाड समोरच दिसतं, बाबूसाहेब, लख्ख दुपार होती. त्यानं पाहिलं होतं टेकाड रिकामं. उठला, ताट धुतलं, त्या काठावर झोपडी घातली आणि तिथंच राहिला. चोवीस वर्षं. कुणाला बोलला नाही. आईलाही नाही. नाल्यावर लोकांना फुकट पार न्यायचा, कुणाकडून काही घेतलं नाही, मी हाक मारली की होडी उलटी फिरवायचा. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, पंचांपुढं उभं केलं असतं तर मी टोलीतून निघून गेलो असतो. त्यानं मला इथंच ठेवला.

ह्या फाल्गुनात तो आजारी पडला. मी गेलो. झोपडीत शिरू दिलं, पहिल्यांदा. भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी बसलो. भिंतीकडेच पाहत म्हणाला, "किती घाव घातलेस?" मी म्हटलं, नऊ. तो म्हणाला, "मी बारा मोजले." दुसऱ्या दिवशी गेला.

बारा कसे असतील? नऊच होते, मी मोजलेत, रोज मोजतो. पण तिकडून ऐकणारा खोटं कशाला सांगेल? मग ते तीन कुठले — दोर तुटल्यावरही मी घालत होतो का? कुणावर? मला आठवत नाही. आणि विचारायला आता तोही नाही. म्हणून तुम्हाला बोललो. बोलायचं नव्हतं. घोडा घेऊन गेला असता तर बरं झालं असतं तुमचंही, माझंही.

घ्या, काठ आला. इथली माती हवी असेल तर घ्या थोडी, सगळे नेतात, पदरात बांधून. तुमचे वडील ह्याच मातीत असतील असं मी सांगत नाही. कुणीच सांगू शकणार नाही.

आणखी काय?

तो दिवस पुन्हा आला तर?

हे नको होतं विचारायला. कितीजण येऊन गेले, एकानं विचारलं नाही. होडी चार दिवसांनी जाणार हे ठाऊक असूनही? मंगरू त्या टोकाला उभा आहे हे ठाऊक असूनही, आणि तो जो म्हणाला थांब — तुम्हाला वाटतं मी नाही म्हणेन. मलाही वाटायचं. पंचवीस वर्षं मी रोज तिथं जाऊन उभा राहतो, पाणी गुडघ्याला लागतं, टेकाड रिकामं असतं.

कापतो, बाबूसाहेब. रोज कापतो.

उतरा आता. त्या चिंचेवरून सरळ गेलात की गयेची वाट लागते. नाही, माझ्या हातावर काही ठेवू नका. जा.